तिपाई

चापडगावच्या फाटकापाशी
गाडीतून आधी चाकं उतरतात, मग मी.
पुंजाराम गाईड पायवाट दाखवतो,
"नवी केलीय. मुरूम दाबून बसवलाय, चढ नाही कुठं."
तरी एका जागी उसाच्या ट्रॅक्टरनं चाकोरी पाडलीय,
तिथं हेमाताई मागून दम लावते
आणि मी उगाच हातांनी हवा ढकलते.

डावीकडे गोदावरी, पलीकडून कादवा येते.
दोघींच्या मधला गाळ
कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही.
पाणकणसांत जांभळी पाणकोंबडी
लांब बोटं एकेक जपून टाकते.
मला माझे बूट आठवतात,
चार वर्षांचे, तळ अजून कोरा.

मनोऱ्याला बावीस पायऱ्या.
हेमाताई वर बघते, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या चपलांकडे.
"जा तू. काय दिसलं ते सांग."
पुंजाराम काही बोलत नाही.
तिपाईचे तिन्ही पाय आखडतो,
दुर्बीण माझ्या डोळ्यापर्यंत उतरते.

आणि गोलात एकदम
शेकाट्या, गुलाबी काड्यांवर उभा,
इतका जवळ
की चोचीवरचा थेंब
पडायचा राहिलाय.

मागून शाळेची सहल येते. रांग लागते.
तिपाई कुणी उचलत नाही.
एकेक पोर गुडघे टेकतं,
शेवटी मास्तरही,
पँट वर ओढत, हाशहुश करत.

हेमाताई खाली येते.
"वरून नुसतं पांढरं पांढरं दिसलं गं."
मी खुर्ची थोडी मागे घेते.
"बस इथं."