साक्षीचा तुकडा

बोहरी आळीत हकीमुद्दीनभाई
काडीला कापूस गुंडाळतात, जिभेवर ओला करतात,
आणि बंदरावरून फिरवतात. इंचभर.
"थुंकीसारखं औषध नाही, ताई. काजळीला तीच लागते."
बाहेर हातगाडीवाला टेम्पोशी भांडतोय,
आत पाणी उजळतंय.

चित्र आईच्या मामांचं. ड्रॉइंग मास्तर होते.
बंदर कुठलं, ते त्यांनी मागे लिहिलं नाही.
चाळीस वर्षं एरंडवण्यात, स्वयंपाकघराच्या दाराशी,
स्टोव्हचा धूर, फोडण्या, उदबत्त्या खात पिवळं होत गेलं,
आणि आम्ही त्या पिवळ्याला संध्याकाळ म्हणत आलो.
दिवा लावल्यावर आई तिकडे बघायची नाही.
"परतल्या सगळ्या, पण एक कमी आहे," म्हणायची.
लहानपणी मोजल्या होत्या मी होड्या. सहा.
किती हव्या होत्या, ते कुणी सांगितलं नाही.

आता कापसाखालून राखाडी निघतंय,
मग घासून झिजलेल्या स्टीलच्या ताटासारखं निळं,
मग डोलकाठ्यांच्या सावल्या.
भाई चष्मा कपाळावर सारतात:
"समुद्राकडे पडल्यात बघा."

आपल्या किनाऱ्यावर सूर्य पाण्यात बुडतो,
पाण्यातून वर कधी येत नाही.
म्हणजे उजेड मास्तरांच्या पाठीमागून होता,
आधी इथे, पुण्यात, कुणाच्या तरी पत्र्यावर पडून
मग घाट उतरून त्या शिडांवर गेलेला.
सकाळ होती ती. सात, साडेसात.
निघाल्या होत्या होड्या. सहाच्या सहा.

संध्याकाळ सगळी भाईंच्या लोणच्याच्या बरणीत,
तपकिरी बोळ्यांची.

घरी फोन लावला. आई बराच वेळ गप्प.
मग, "पैसे दिलेस का?"
"नाही अजून."
"मग म्हणावं, राहू दे."
राहू दे म्हणजे काय, विचारायला जीभ रेटली नाही.

डाव्या कोपऱ्यात दोन बोटं रुंद पट्टी
भाईंनी पुसलीच नव्हती.
"एवढं साक्षीला ठेवतो मी.
आधी काय होतं, ते कळावं."

रिक्षात मांडीवर आडवं धरून आणलं,
जुन्याच खिळ्याला टांगलं.
आई ओल्या हाताने आली. ती सगळी सकाळ ओलांडून
तिचं बोट त्या तेलकट पट्टीपाशी थांबलं,
जिथे काहीच दिसत नाही.
"इथे असेल," म्हणाली,
आणि कुकरची शिट्टी मोजायला आत गेली.