टाका

लिएपायाच्या गोदीत
झिद्रा शिकवायची, फारसं न बोलता.
हातमोजा गालाला लावून बघायची : कोरडा?
मगच इलेक्ट्रोड.

एकदा काच न पाडताच
मी मारला एक टाका. एवढासा.
कोण बघतंय?

रात्री दोनला पापण्यांखाली
बाल्टिकचा अख्खा किनारा, वाळूसकट.
डोळ्याला डोळा नाही.
डॉक्टरचे थेंब, आईच्या बटाट्याच्या चकत्या,
आणि भिंतीकडे तोंड करून मी.

तिसऱ्या दिवशी झिद्रा ओरडली नाही.
डावं बुबुळ दाखवलं, ताकासारखं.
"मळी ठोकत होते. चष्मा खिशात होता."
आमच्या भाषेत झिद्रा म्हणजे नितळ.

मग हनुवटीचा झटका. तिची काच पडली,
माझीही.
मिट्ट अंधारात दोघं,
ठिणगीची वाट बघत.