दीड मीटर

महाराणी रोडवर टीव्ही घेतला, बत्तीस इंची.
पैसे मोजून झाल्यावर पोऱ्याने खालच्या कप्प्यातून
एक मखमली पेटी काढली,
सराफ्यात नथ काढतात तशी.
आत वायर. दीड मीटर.
"सोन्याचा मुलामा आहे, दीदी. चोवीसशे.
पिक्चर में जान आ जाएगी."

शरयूमावशीने चष्मा कपाळावर ढकलला.
एकोणतीस वर्षं रेडिओ केंद्रात
तिने तारांना डाख दिले,
अंगठ्यावर अजून पांढरा चट्टा आहे.
वायर तळहातावर तोलली, गवार तोलावी तशी,
आणि मराठीतच म्हणाली,
"बाळा, यातून जातात ते नुसते आकडे.
पोचतात, नाहीतर नाही पोचत.
पालखीत बसवले म्हणून
एकाचे सव्वा होत नाहीत."

पोऱ्या हसला नाही.
मागे पाहिलं. मालक फोनवर होता.
"टार्गेट असतं, मौसी. महिन्याला बारा पेट्या.
जेल रोडला जा, दोनशेत मिळेल.
माझ्या घरी तीच आहे."
दीदीची मौसी झाली होती, तेवढ्यात.

जेल रोडला तिने एकशे साठ केले.
घरी चित्र आलं, आवाज आला,
बातम्यांतल्या बाईच्या कानातलं डूलसुद्धा
स्वच्छ दिसलं.

रात्री वरणभातावर शेव भुरभुरताना
मावशी मध्येच थांबली.
"आज तारीख किती?"
"सव्वीस."
"मग त्याची बारावी पेटी
कोण घेईल रे?"