बेचाळीस अंश

शिरोलीच्या फाउंड्रीतून दस्तगीर सरळ माझ्या लॅबमध्येच आला,
भुवया करपलेल्या, डब्यात अर्धी भाकरी तशीच.
"आक्का, तुझी भट्टी दाखव बघू."

माझी भट्टी म्हणजे स्टीलची पाण्याची टाकी. बेचाळीस अंश.
त्यात बशीभर पेशी, तासभर.
तो हसला. "एवढ्यात आमचा च्या बी हुत न्हाई."

पण पेशीला बेचाळीस म्हणजे वणवा रे.
नीट घड्या घातलेली प्रथिनं उसवायला लागतात,
एकमेकांत अडकतात, त्यांचे गोळे होतात.
आणि तिथं एक जण असतो,
गप्प, एकटा.
त्याला जनुकांची कुलपं उघडता येतात,
पण दोघं-तिघं त्याला धरून बसलेले, रात्रंदिवस:
थांब. अजून नाही. थांब.

"मग हुकूम कोण देतं?"

कुणीच नाही.
धरणारे पडलेल्यांना उचलायला धावतात,
एवढंच होतं.
याच्या दंडावरचे हात सुटतात.
असे सुटलेले तिघं एकमेकांना घट्ट कवळतात,
एकट्याचं त्या दारात काही चालत नाही,
आणि केंद्रकात शिरून
जनुकाच्या उंबऱ्यावर बोट ठेवतात.
मजकूर उतरायला लागतो. भराभर. तोच तो, हजारदा.

विद्यापीठाच्या माळावर मोर ओरडला.
दस्तगीर पाण्याकडं बघत राहिलेला.

"मंगळवारी लॅडल कलंडली," म्हणाला.
"बापूसो फोरमन मला पॅनेलजवळ फिरकू देत न्हाई कधी,
कॉलर धरूनच असतोय.
त्या दिवशी त्यो यल्लाप्पाला उचलाय पळाला.
मी, सर्जेराव आणि ते नवीन बिहारी पोरगं,
तिघांनी लोंबकळून दांडा खाली वढला.
एकट्याला हालत नव्हता."

मी पिपेट खाली ठेवली.
"आणि आता?"

"यल्लाप्पा बरा हाय. पायाला पट्टी.
आणि बापूसो आज परत..."
त्यानं स्वतःचीच कॉलर मुठीत धरून दाखवली.

हेच सांगायचं राहिलं होतं मला.
आतून उतरून येतो तो मजकूर
धरणाऱ्यांचाच असतो. नवे हात, शेकड्यांनी.
ते विस्कटलेल्या घड्या परत घालतात
आणि काम सरलं की
गुमान जाऊन त्याचा दंड धरतात.

टायमर वाजला. बशी बर्फावर ठेवली.
बाहेर पायरीवर दस्तगीरनं डबा उघडला,
ठेच्यानं लाल झालेली भाकरी
मोडून निम्मी मला दिली.