मेर्लुसाच्या रकान्यात

दवाखान्यातला काटा दीडशेला संपायचा.
मी त्याच्या पुढे होते,
किती पुढे, ते त्याला सांगता येईना.
म्हणून ताल्काउआनोच्या धक्क्यावर गेले, मासळीच्या काट्याकडे.
व्लादिमिरने बर्फाचा चुरा झाडला, गोणपाट अंथरलं,
"बूट असू दे, नोल्फा, त्यांचं मी वजा करतो," म्हणाला,
आणि वहीत दुसरीकडे जागा नव्हती म्हणून
मेर्लुसा माशाच्या रकान्यात लिहिलं:
एकशे सदुसष्ट.
शेजारी भावाची जागा कोरी सोडली.
सभ्य माणूस.

पण ठरलं ते तिथे नाही.
ठरलं ऑगस्टातल्या एका रात्री,
जमीन हलली आणि बंदराचा भोंगा थांबेना तेव्हा.
सगळी गल्ली टेकडीकडे पळाली,
मांजरं, टीव्ही, कुणाचं तरी शिलाई मशीन.
मी तिसऱ्या वळणावर बसले.
छातीत भट्टीचं दार आपटत होतं.
वर पोचलेली माझी मिलाराय उतरून खाली आली,
शेजारी बसली,
बूट काढून त्यातले खडे झटकू लागली,
जशा काही आम्ही सहलीला आलोय.
"तू जा," म्हटलं.
"पाणी आलं की बघू."
सतरा वर्षांची पोर.

पाणी आलं नाही.
सकाळी मी दवाखान्यात फोन केला.

लोक म्हणाले, तोंड आवर, झालं.
जणू तोंड म्हणजे वासरू,
दावं आखूड केलं की पुरे.
बावीस वर्षं पहाटे तीनला पावाचं पीठ मळते मी.
एलिसेओची ती दुसरी बाई,
दिराने बुडवलेले पैसे,
आईचं "तुला कोण करून घेणार",
सगळं पोटात घातलं,
आणि वर गरम पाव, लोणी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाचातले चार भाग काढून टाकू.
मी विचारलं, आणि आतलं सामान?
त्यांना वाटलं, घाबरलेय.

शुद्धीत आले तर पोटावर पाच बारीक भोकं.
एवढ्याशा दारांतून अख्खं घर रिकामं केलं होतं.
पहिला आठवडा औषधाच्या टोपणाने पाणी.
एक टोपण. घड्याळ. एक टोपण.
चौथ्या आठवड्यात अंड्याचा घास घाईत गिळला,
तो छातीतच बसला, दगड होऊन.
मी न्हाणीच्या फरशीवर गाल टेकून पडले
आणि मिलाराय दाराबाहेर उभी राहून
खिडकीतून दिसणाऱ्या बोटींची नावं वाचत राहिली,
मोठ्याने, एकेक.

मग केस गळायला लागले.
पिठात जाऊ नयेत म्हणून दोन टोप्या घालते.
दंडाखालची कातडी झाडलेल्या पोत्यासारखी;
आपटली तर अजून मूठभर पीठ निघेल.
आणि भूक.
तिची आठवण येते, हे कुणाला सांगावं?
सकाळी सहाला, पहिली ट्रे बाहेर काढताना,
मी अजून तिची वाट बघते,
न सांगता गाव सोडून गेलेल्या मैत्रिणीची बघावी तशी.

मे महिन्यात एलिसेओ म्हणाला, सूप गार आहे.
मी त्या बाईचं नाव घेतलं.
पहिल्यांदा.
मग दिराचं. मग सगळंच.
ठरवून नव्हे.
ठेवायला जागाच उरली नव्हती.
तो भावाकडे गेला.
गुरुवारी रेडिओ न्यायला आला, थोडा वेळ दारात थांबला,
रेडिओ विसरून गेला.

काल टेकडी चढले.
तिसरं वळण ओलांडलं, चौथ्यावर थांबले.
वर काय आहे, मला अजून माहीत नाही.
उतरताना धक्क्यावर गेले.
एकशे एकोणीस.
व्लादिमिरने जुनं पान शोधलं, बोट फिरवलं,
"अठ्ठेचाळीस किलो घट," म्हणाला, "मालक मला कामावरून काढेल."
मी पिशवीतून पाव काढून दिला.
"आणि तुला?"
कडेचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.
त्याने अख्खा संपवला, हात झटकले, दोन पेट्या तोलल्या.
मी अजून चावतेय.