पासिंग

वडगावात, विणकरांच्या गल्लीत,
अंकलग्यांचा टेम्पो उभा आहे उतारावर.
पासिंग संपून चौदा महिने झाले;
काचेवरचा कागद मीच वाचला, चष्मा पुसून.
पुढच्या चाकाखाली दगड,
आमच्याच न्हाणीतला, मागून नेलेला:
"दोन दिसांसाठी की हो, मास्तर."

पोरं लपाछपीत टेम्पोखाली शिरतात.
माझी नातही.

आरटीओला अर्ज द्यायचं ठरवलं.
अर्ज कन्नडात हवा.
माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं,
तेही आकडा बघून.
रेशनकार्डापासून घराच्या उताऱ्यापर्यंत
आजवरचे सगळे कागद ज्यानं लिहून दिले
तो शिवपुत्र अंकलगी
समोरच पायरीवर बसलाय,
मागावरून उठून आलेला,
मनगटाला जांभळं सूत चिकटलेलं.

"काय लिवायचं हाय? आणा की."

मी म्हटलं, नळाचं.
पाणी आठव्या दिवशी येतंय, त्याचं.
त्यानं लिहिलं. गोल, सुरेख अक्षर.
खाली मी मराठीत सही केली.

रात्री बॅटरी घेऊन उठलो,
दगड टाचेनं आत रेटला.
दगड हलला नाही.
टेम्पो हलला, जरासा.