दिलेलं नाही

बंदीचे दिवस. होड्या वर ओढलेल्या,
त्यांच्यावर झापांचं छप्पर.
बाबा पडवीत फाटकं जाळं पसरून बसलेत
आणि जाळ्याच्याच एका कोपऱ्यावर मी,
मांडीवर इंग्रजीचं पुस्तक.
तीन उतारे, चाळीस प्रश्न, साठ मिनिटं.

मागच्या खेपेला वाचनात अर्धा गुण कमी पडला.
अर्धा. सुंगटाच्या मिशीएवढा.
त्या अर्ध्यासाठी पुन्हा फी भरली.
तेवढ्या पैशात किती किलो दोरा येतो
ते आईनं मनात मोजलं,
तिचे ओठ हलले तेव्हा मला दिसलं.

खवणेकर सर मोबाइलवर सांगतात:
पहिल्यांदा भेटेल त्याला 'अ',
ओळख झाली की 'द'.
म्हणजे रात्रपाळीला सहा नंबरच्या खाटेवर
तापानं फणफणलेला कुणी येतो, तो 'अ पेशंट';
आणि पहाटे सलाईन बदलताना
"सिस्टर, घराकडे गाय व्यायक झाली हा" म्हणतो,
तेव्हापासून 'द'.
एवढं मला सरांच्या आधीच येत होतं.

पुढचं अवघड.
इस्पितळात आजारी म्हणून गेलात तर 'द' नको,
दुसऱ्या कुठल्या कामानं गेलात तर हवा.
मी सहा वर्षं 'द' घेऊन जाते-येते.
बाबा गेल्या चैत्रात 'द' शिवाय गेले,
टेंपोत, बर्फाच्या खोक्यांमध्ये आडवे,
अंगाला मासळीचा वास तसाच.
मी गणवेशात दारात उभी होते.
त्या वेळी मला कुठला नियम लागला असता
हे पुस्तकात शोधलं. अपवादांतही नाही.

समुद्राचंही तेच.
देवगडच्या दीपस्तंभावरून बघायचा तर 'द सी'.
पोटासाठी आत गेलात तर नुसतं 'ॲट सी'.
बाबांना सांगितलं. त्यांनी दातांनी दोरा तोडला.
"बरोबर आसा. आत गेल्यार
खंयचो समुद्र, तां कोण इचारता?"

आता तिसरा उतारा.
उत्तरेकडचं कुठलंसं थंड बंदर.
जाळी मोठी होत गेली, मासा लहान.
मग शास्त्रज्ञ आले, आकडे आले,
शेवटी बंदी आली.
प्रश्न सत्ताविसावा:
मच्छीमारांना हे आधीपासून माहीत होतं.
खरं, खोटं, की दिलेलं नाही?

पेन्सिल थांबली.
मागच्या परीक्षेत असल्याच एका प्रश्नाला
मी 'खरं' लिहून आले होते.
सर रागावले होते तेव्हा:
स्वतःचं डोकं बाहेर चपलांपाशी ठेवून ये,
उताऱ्यात असेल तेवढंच जग.

"काय अडलां गो?"
मी सगळा उतारा त्यांना मालवणीत सांगितला.
इंग्रजीत दीड पान होता,
आमच्यात चार वाक्यांत संपला.
सुई हातातच राहिली.
"लिवक नाय म्हणान ठावक नव्हता?
बांगडो असो येवक लागलो"
(अंगठा करंगळीच्या दुसऱ्या पेरावर)
"तेवाच आमका समाजला.
पण आमका कोणी इचारलां?"

दोन्ही पोरी शेजारच्या, कोयंड्यांच्या,
लगोरी सोडून पडवीच्या कडेला येऊन उभ्या,
बाबा एवढं कधी बोलत नाहीत.

मी 'दिलेलं नाही' वर खूण केली.
मागच्या पानावरचं उत्तर उघडून पाहिलं.
"मगे? बरोबर?"
"बरोबर," मी म्हटलं.

ते खुशीत आले. आपलंच उत्तर निघालं
असं त्यांना वाटलं असावं.
सुईत नवा दोरा भरताना
आईला आत हाक मारून म्हणाले,
चाय ठेव, परीक्षा सोपी आसा.

घड्याळात अकरा मिनिटं,
प्रश्न अजून तेरा.